तीन पत्तीवरून पोकरकडे येताना या चुका टाळा

सांगलीत विश्रामबागेतल्या एका गच्चीवर आमचा पोकरचा डाव बसतो, पैशांऐवजी चिंचोके लावून. नवा भिडू बहुतेक तीन पत्तीत मुरलेला असतो, आणि चुका तिथूनच सुरू होतात.

सगळ्यात महागात पडते ती क्रमाची चूक. गेल्या दिवाळीत मधे सगळ्यांची सामाईक पाच पानं उघडी होती: बदाम ९, बदाम ५, बदाम राणी, किलवर ७, इस्पिक ८. एकाच्या हातात ६ आणि १०. सहा ते दहा सिक्वेन्स लागली म्हणून त्याने भडंगाची वाटी बाजूला सारून चिंचोके ओढायलाच घेतले. समोरच्याने बदाम एक्का आणि बदाम दुर्री टाकली. पाच बदाम, म्हणजे कलर. डाव त्याचा.

तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारते, पोकरमध्ये उलट. याला कारण आहे. तीन पानांत कलर १,०९६ प्रकारे जमतो, सिक्वेन्स ७२०. पाच पानांत सिक्वेन्स १०,२०० प्रकारे लागते, कलर फक्त ५,१०८. जे दुर्मीळ ते वरचढ. ट्रेलचंही (तीन सारख्या पानांचंही) तसंच, इथे तीन एक्केसुद्धा साध्या सिक्वेन्सपुढे पडतात. म्हणून वरून खाली क्रम चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवा: एकाच रंगाची सिक्वेन्स, चार सारखी, फुल हाउस (तीन सारखी आणि एक जोडी), कलर, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी, मोठं पान.

‘ब्लाइंड’ म्हणजे पानं न बघता खेळणं नव्हे. वाटणाऱ्याच्या डावीकडच्या दोघांनी पानं वाटण्याआधी लावायची ती सक्तीची रक्कम. पानं खुशाल बघा.

पाळी येण्याआधी ‘पॅक’ (डाव सोडला) म्हणू नका, तुमच्याआधी ज्यांची पाळी आहे त्यांना फुकट माहिती मिळते. वाढवायचं असेल तर आकडा एकदाच सांगा. आधी बरोबरीचे चिंचोके टाकून, समोरच्याचा चेहरा बघून मग ‘आणि वर वीस’ हे चालत नाही.

मोबाइलवर पैसे लावून सराव करायचा विचारही नको. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे.

शेवटचा वाद नेहमी बरोबरीचा. हातातली दोन आणि मधली पाच, अशा सातांतून उत्तम पाचच मोजायची. दोघांची जोडी एकच असेल तर उरलेली तीन पानं मोठ्यापासून ताडून बघा. तीही सारखी निघाली तर चिंचोके निम्मे निम्मे. इस्पिक बदामापेक्षा मोठं, असं पोकरमध्ये काही नसतं.