तुरुंगातून तक्रार करणाऱ्याला बाहेरून साथ कशी द्यावी

आर्थर रोड, भायखळा किंवा तळोजाच्या तुरुंगातून मारहाणीची तक्रार आली, तर आधी कैद्यालाच विचारा: नाव उघड करायचं का? होकाराशिवाय काही छापू नका, बदला आतच घेतला जातो.

मुलाखतीत, म्हणजे तुरुंगातल्या भेटीत, गजाआडून सगळं लिहून घेता येत नाही. बाहेर पडताच टिपून ठेवा: तारीख, वेळ, बॅरक, कुठला अवयव, किती इंच वळ, डावा की उजवा. “खूप मारलं” एवढ्यावर अर्ज टिकत नाही. वळ चार-पाच दिवसांत फिके पडतात, म्हणून वकिलाकरवी लगेच खटला चालू असलेल्या न्यायालयात अर्ज द्या: सरकारी रुग्णालयात तपासणी आणि सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवण्याचा आदेश. चित्रणावर नवं चित्रण चढतं, इथेच बहुतेक प्रकरणं ढासळतात. तारखेला व्हिडिओवरून हजर करत असतील, तर प्रत्यक्ष हजेरी मागा. शेजारी शिपाई उभा असताना कोण बोलेल?

एकांतकोठडी ही न्यायालयानेच द्यायची शिक्षा आहे: भारतीय न्याय संहितेनुसार एका वेळी 14 दिवस, एकूण 3 महिने. कच्च्या कैद्याला अंडा सेलमध्ये (अंड्याच्या आकाराच्या कडेकोट कोठडीत) ‘सुरक्षेसाठी’ ठेवलं असेल, तर लेखी आदेशाची प्रत मागा. सुनील बत्रा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने कैद्याचं पत्रच याचिका मानलं होतं, त्यामुळे साधं पत्रही चालतं.

वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 क्रमांक. मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षाच्या आत जा. आणि मुलाखत चुकवू नका; कुणी येतं म्हटल्यावर हात जरा आखडतो.