'भाषा' या शब्दाची व्युत्पत्ती कशी लावावी?

संस्कृत शब्दाचे मूळ शोधताना उच्चारसाम्यावर विसंबू नये; आधी धातू, मग कृत्-प्रत्यय (धातूला लागून नाम किंवा विशेषण घडवणारा) आणि शेवटी स्त्रीप्रत्यय (शब्द स्त्रीलिंगी करणारा), हा क्रम धरावा. उदाहरणादाखल 'भाषा' हाच शब्द घेऊ.

धातुपाठात, म्हणजे पाणिनीय परंपरेतील धातूंच्या अर्थासह यादीत, 'भाष व्यक्तायां वाचि' असे आहे, म्हणजे स्पष्ट उच्चारांनी बोलणे. दादरच्या ग्रंथसंग्रहालयात बसून कोश चाळणाऱ्याने धातूचा अर्थ टिपून थांबू नये, गण (धातूचा वर्ग) आणि पद (क्रियापदाच्या प्रत्ययांचा संच) हेही लिहून घ्यावे: पहिला गण, आत्मनेपद, म्हणून भाषते, भाषेते, भाषन्ते.

खरी मौज प्रत्ययात आहे. धातूपासून स्त्रीलिंगी भाववाचक नाम करण्यासाठी पाणिनीने 'स्त्रियां क्तिन्' (३.३.९४) या सूत्राने 'ति' सांगितला आहे, दृश्-वरून दृष्टी होते ती त्यानेच. तोच येथे लागला असता, तर 'भाष्टि' असे रूप झाले असते. ते होत नाही, कारण 'गुरोश्च हलः' (३.३.१०३) हा अपवाद आड येतो: ज्या धातूत गुरू स्वर (दीर्घ, किंवा जोडाक्षरापूर्वीचा) आहे आणि ज्याच्या शेवटी व्यंजन आहे, त्याला 'अ' लागतो. भाष्-मधील 'आ' गुरू, शेवटी 'ष्'. त्यापुढे 'अजाद्यतष्टाप्' (४.१.४) या सूत्राने टाप्, म्हणजे 'आ', येऊन 'भाषा' सिद्ध होते. शिक्ष् धातूतला 'इ' ऱ्हस्व असला तरी पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू ठरतो, म्हणून 'शिक्षा'. मग आप्-पासून 'आप्ति' का, असा प्रश्न चाणाक्ष वाचकाला पडेल. अशा वेळी क्तान्त रूप, म्हणजे 'त' लागून होणारे विशेषण, पाहावे: 'भाषित', 'शिक्षित' यांत मध्ये 'इ' येतो, 'आप्त' मध्ये येत नाही, आणि वार्तिककारांनी (पाणिनीच्या सूत्रांवर पूरक नियम लिहिणाऱ्यांनी) हा अपवाद 'इ' घेणाऱ्या धातूंपुरताच ठेवला आहे.

रूपे रमा-शब्दाप्रमाणे चालवावीत. सप्तमीचे 'भाषायाम्' हे रूप पाणिनी स्वतः वापरतो, ते वेदातील 'छन्दसि' प्रयोगापासून बोलीतला प्रयोग वेगळा दाखवण्यासाठी. मराठीत मात्र सामान्यरूप 'भाषे-' होते: भाषेत, भाषेला.

मुंबईतल्या वृत्तपत्रांत 'मराठी भाषिक' असे सर्रास छापले जाते. व्याकरणाने पाहता बोलणारा तो 'भाषक' (ण्वुल्, म्हणजे कर्ता दाखवणारा 'अक' प्रत्यय), आणि भाषेसंबंधीचे ते 'भाषिक'. रूढी बलवान आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या लेखनातला 'भाषिक' खोडू नये. स्वतः लिहिताना 'भाषक' लिहावे.