कायरोप्रॅक्टरची पार्श्वभूमी कशी तपासावी

सांगलीच्या हळद बाजारातल्या हमालाच्या किंवा तालमीतल्या मल्लाच्या पाठीत उसण भरली, की पूर्वी हाडवैद्याकडे नाही तर वस्तादाकडे धाव घेतली जाई. आता मोबाइलवर मान ‘कट’ असा आवाज करून मोडल्याच्या चित्रफिती पाहून कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे मणक्याला नि सांध्यांना हाताने दाब किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्याचा, पत्ता विचारला जातो. पत्ता मिळाला तरी वेळ ठरवण्याआधी त्याच्या शिक्षणाची चौकशी करावी.

ही उपचारपद्धती डी. डी. पामर यांनी १८९५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात, डॅव्हनपोर्ट येथे सुरू केली. तेथे ‘डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक’ ही पदवी महाविद्यालयीन शिक्षणानंतर साधारण चार वर्षांनी मिळते आणि पुढे परीक्षा देऊन राज्याचा परवाना घ्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पूर्ण प्रशिक्षण किमान ४२०० तासांचे असावे आणि त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचे असावेत. म्हणून पदवी कोणत्या संस्थेची, किती वर्षांची आणि रुग्णांवरचा सराव कोणाच्या हाताखाली झाला, हे सरळ विचारावे. शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र कितीही मोठ्या चौकटीत टांगले, तरी ते पदवीच्या जागी धरता येत नाही.

आपल्याकडे कायरोप्रॅक्टरांसाठी वेगळी वैधानिक नोंदणी परिषद नाही. त्यामुळे हे काम करणारी व्यक्ती मुळात फिजिओथेरपिस्ट असल्यास राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा, आणि एमबीबीएस असल्यास महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागावा. क्रमांक विचारल्याचा राग येत असेल, तर माझ्या मते तिथेच उठावे.

त्याला कशात विशेष रस आहे, हेही पाहावे. खेळातील दुखापतींवर काम करणाऱ्याला कुस्तीगिराचा खांदा चांगला कळेल, पण म्हणून ठिसूळ हाडांच्या आजींची पाठ त्याने त्याच जोराने दाबावी असे नाही. ‘मधुमेह, दमा, सगळ्यावर मणक्याचा इलाज’ असे सांगणाऱ्यापासून मात्र दूर राहावे. खालच्या कंबरेच्या दुखण्यात काही प्रमाणात उपयोग होतो याला आधार आहे, या आजारांबाबत तसा भक्कम आधार नाही.

पहिल्या भेटीत त्याचे हात किती चपळ आहेत यापेक्षा तो काय विचारतो याकडे लक्ष द्यावे. पडणे-झडणे, जुने ऑपरेशन, कर्करोग, रक्त पातळ करणारी औषधे यांची विचारपूस न करता जो थेट मानेला हात घालतो, त्याला तिथेच थांबवावे. मानेच्या झटक्यानंतर मेंदूकडे जाणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. असे क्वचितच घडते, पण घडले तर परिणाम फार गंभीर असतो. मोडताना येणारा आवाज सांध्यातील द्रवात वायूची पोकळी झाल्याने येतो, हाड जागेवर बसल्याने नव्हे. त्यामुळे आवाज मोठा म्हणजे उपचार चांगला असे समजू नये.

लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील भागात बधिरता, पायातली ताकद झपाट्याने कमी होणे, किंवा पाठदुखीबरोबर ताप आणि विनाकारण घटलेले वजन, यांपैकी काहीही असेल तर कायरोप्रॅक्टरकडे जाऊच नये. अशा रुग्णाला आधी मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि पहिल्या तीनपैकी एखादे लक्षण दिसले तर सकाळ होण्याचीही वाट पाहू नये.