मोटारहोमची मागची बॅटरी भरत नाही? निघण्याआधी हे तपासा

शनिवारी पहाटे ताम्हिणीतून कोकणात उतरायचं असेल, तर बॅटरीची तपासणी गुरुवारी रात्रीच सुरू करा. म्हणजे काही आणायचं निघालं तर शुक्रवार हाताशी राहतो. मागची, म्हणजे राहत्या भागातले दिवे-पंखे चालवणारी बॅटरी भरत नाही म्हणून थेट नवी मात्र आणू नका. दोष पुष्कळदा तारेत, थिंबलमध्ये (तारेच्या टोकाला बसवलेलं धातूचं कडं) किंवा अर्थिंगमध्ये (चासीला केलेली मायनसची जोडणी) असतो आणि मग नवी बॅटरीही तशीच अर्धवट राहते.

मल्टिमीटर हवाच, सोबत डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात, तेव्हा पुण्याच्या तपकीर गल्लीत घेताना दुकानदाराला विचारून घ्या. दहाचा आणि तेराचा पाना, पॉलिश पेपर, पेट्रोलियम जेली आणि बसवलेल्या फ्यूजच्याच अँपिअरचे दोन जादा फ्यूज काढून ठेवा.

रात्री चार्जर, सोलर, इन्व्हर्टर, फ्रिज सगळं बंद करा आणि सकाळी व्होल्टेज बघा. लेड-अ‍ॅसिडला 12.7 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. चार्जर काढल्या काढल्या दिसणारे 13 व्होल्ट खरे धरू नका. लिथियम आयर्न फॉस्फेटला हा हिशेब चालत नाही; तिचं व्होल्टेज निम्म्यावर असतानाही 13.2 च्या आसपासच दिसतं, त्यामुळे तिथे बीएमएसचा, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा आकडा बघावा.

आता गाडी बेसमेंटमधून बाहेर उघड्यावर काढा आणि इंजिन सुरू करा. मागची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर करंट वाहतच नाही आणि दोष लपून राहतो, म्हणून आधी दिवे-पंखे लावून तिला थोडी उतरवा. पुढच्या, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट यायला हवेत. पुढे 14.2 आणि मागे 13.1 दिसले, तर 1.1 व्होल्ट वाटेत, म्हणजे दोन बॅटऱ्यांमधल्या तारेत आणि जोडांत जळतोय. 6 चौरस मिमीची तार, जायला 6 मीटर, परत यायला 6 मीटर आणि 30 अँपिअर करंट, एवढ्यानेच इतकी घट होते. तीच तार 25 चौरस मिमीची असेल तर घट पाव व्होल्टवर येते.

घट नेमकी कुठे आहे ते शोधायला करंट चालू असतानाच मल्टिमीटरच्या दोन पिना एकेका तुकड्याच्या दोन टोकांना लावत जा: फ्यूज, रिले (दोन्ही बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच), प्रत्येक थिंबल. एकाच जोडावर 0.1 व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की तो जोड खराब. मागच्या बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंतही मोजा, कारण अर्थिंगकडेच सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. चासीचा बोल्ट वरून घट्ट असतो, पण खोलून पाहिलं तर थिंबलखाली रंगाचा थर आणि कडेला गंजाचं कडं. स्लीव्ह मागे सारली की तांब्यावर हिरवी भुकटी. अशी तार घासत बसू नका. काळं पडलेलं तांबं कापून नवं थिंबल क्रिम्प करा, चासी चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा आणि वरून जेली लावा.

खोलण्याआधी इंजिन बंद. सोलर पॅनलची जोडणी आधी काढा, मग दोन्ही बॅटऱ्यांचे मायनस काढा. दोन बॅटऱ्यांमधली ही तार दोन्ही टोकांनी जिवंत असते, त्यामुळे एकच मायनस काढून भागत नाही. फ्यूजही दोन्ही टोकांना हवा.

सगळे जोड चांगले असूनही चार्जिंग मधूनमधून तुटत असेल तर रिलेकडे वळा. व्होल्टेज बघून चालणारा रिले साधारण 13.3 ला जोडतो आणि 12.8 ला तोडतो. काही बीएस-6 गाड्यांचा अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारं यंत्र) पुढची बॅटरी भरली की व्होल्टेज मुद्दाम खाली आणतो, मग रिले सुटतो. तिथे पुढचं कमी व्होल्टेज वाढवून मागच्या बॅटरीला देणारा डीसी-टू-डीसी चार्जरच लागतो, लिथियमला तर तो हवाच. चार्जर बसवूनही बंद पडला असेल तर त्याच्या इग्निशनच्या बारीक तारेवर 12 व्होल्ट येतात का, हे आधी बघा.

पावसाळ्यात सोलरवर हिशेब मांडू नका. आणि रिकामा चालू राहिलेला इन्व्हर्टर 1 अँपिअर खात असेल, तर दिवसाला 24 अँपिअर-अवर जातात.

शेवटी चांदणी चौकापर्यंत एक फेरी मारा, परत आल्यावर इंजिन बंद करून प्रत्येक जोडाला हात लावा. जो जोड बाकीच्यांपेक्षा गरम लागेल तो पुन्हा खोला.