युरोपच्या सहलीत कॅमेऱ्याची बॅटरी: निघण्यापूर्वीची तयारी

लंडन, पॅरिस, स्वित्झर्लंड आणि इटली असा सहलीचा मार्ग ठरला की सर्वप्रथम कॅमेऱ्याचा चार्जर हातात घेऊन त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरे वाचावीत. ‘इनपुट’पुढे १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल, आणि हल्लीच्या बहुतेक चार्जरवर ते असतेच, तर व्होल्टेज बदलणारा जड कन्व्हर्टर विकत घेण्याचे कारण नाही, या चारही देशांत वीज आपल्यासारखीच २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे.

पिना मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळ्या आहेत. ब्रिटनमध्ये तीन चपट्या, जाड पिनांचा प्लग लागतो. फ्रान्समध्ये सॉकेट गोल खोलगट असून अर्थिंगची पिन सॉकेटातूनच बाहेर आलेली असते. त्यात दोन बारीक गोल पिनांचा चार्जर बहुधा बसतो, आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही. इटलीत तीन गोल पिना एका रेषेत असतात, तर स्वित्झर्लंडचे षटकोनी सॉकेट आत गेलेले असल्याने रुंद बुडाचा प्लग त्यात शिरतच नाही. सर्व देशांना चालणारा एकच मोठा अडॅप्टर सोयीचा दिसतो खरा, पण नेमका तोच स्विस सॉकेटात अडतो आणि सैल सॉकेटातून स्वतःच्या वजनाने निसटतो. त्यामुळे ब्रिटनचा एक आणि षटकोनी, सडपातळ असा युरोपचा एक, असे दोन साधे अडॅप्टर घ्यावेत, असे माझे मत आहे.

गटाच्या सहलीत बस सकाळी लवकर निघते आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत रात्र होते, म्हणजे चार्जिंगसाठी रात्रच काय ती हाती उरते. जुन्या हॉटेलांत पलंगाजवळ एखादेच सॉकेट असते आणि त्यावर दोघांचे फोन, कॅमेरा, पॉवर बँक असे सगळेच हक्क सांगतात. घरचा छोटा, चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड सोबत घेतला की अडॅप्टर एकच पुरतो आणि सगळे चार्जर आपल्याच पिनांवर लागतात. चार्जर फार वीज ओढत नाहीत, मात्र त्याच बोर्डावर किटली किंवा इस्त्री लावू नये. अनेक हॉटेलांत की-कार्ड काढताच खोलीतील सॉकेटांचीही वीज जाते, तेव्हा जेवायला जाताना लावलेली बॅटरी परतेपर्यंत भरेल असे गृहीत धरू नये. न्हाणीघरातील ‘फक्त शेव्हरसाठी’ असे लिहिलेले सॉकेटही मोजू नये.

नव्या मिररलेस कॅमेऱ्यांची बॅटरी यूएसबी-सी केबलनेही चार्ज होते, पण काही मॉडेलांना ‘पॉवर डिलिव्हरी’चा, म्हणजे जास्त शक्तीने वीज देणारा यूएसबी-सी चार्जरच लागतो, हे घरीच तपासून पाहावे. तरीही दोन खाचांचा वेगळा चार्जर अधिक उपयोगी, कारण तो एका रात्रीत दोन बॅटऱ्या भरतो.

बॅटऱ्या तीन असाव्यात. निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक पूर्ण भरून एकेक दिवस वापरावी. जी फुगलेली दिसेल किंवा लवकर दम टाकेल ती घरीच ठेवावी. दुसऱ्या कंपनीची स्वस्त बॅटरी घेतलीच असेल, तर कॅमेरा तिला स्वीकारतो की नाही हेही तेव्हाच कळेल. स्वित्झर्लंडमधील ३,४५४ मीटर उंचीवरच्या युंगफ्राऊयोखला थंडीने बॅटरीची क्षमता घटते आणि अर्धी भरलेली बॅटरीही संपल्यासारखी दिसते. अशा वेळी ती टाकाऊ न समजता आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवावी, बरेचदा ती पुन्हा काही काळ चालते. खाली आल्यावर मात्र गार बॅटरी लगेच चार्जरवर चढवू नये, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी.

सामान भरताना सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिन बॅगेतच ठेवावीत, चेक-इन सामानात त्यांना परवानगी नाही. १०० वॅट-अवरपर्यंतच्या (वॅट-अवर म्हणजे बॅटरीतील ऊर्जेचे माप, व्होल्ट गुणिले एमएएच भागिले हजार) बॅटरीला सहसा वेगळी परवानगी लागत नाही, ७.२ व्होल्ट आणि २,२८० एमएएचची कॅमेऱ्याची बॅटरी जेमतेम १६ वॅट-अवरची, तर ३.७ व्होल्टच्या हिशेबाने २०,००० एमएएचची पॉवर बँक सुमारे ७४ वॅट-अवरची भरते. आकडे पुसट झालेली पॉवर बँक सुरक्षा तपासणीत अडवली जाऊ शकते. पॉवर बँका किती नेता येतात आणि विमानात वापरता येतात का, याबाबत विमान कंपन्यांचे नियम अलीकडे कडक होत असल्याने ते निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचावेत. प्रत्येक बॅटरीच्या धातूच्या टोकांवर प्लास्टिकची टोपी किंवा चिकटपट्टी लावून सगळ्या एका वेगळ्या लहान पाउचमध्ये, बॅगेत सर्वांत वर ठेवाव्यात, म्हणजे विमान भरले म्हणून दारातच केबिन बॅग मागितली गेली, तर पाउच चटकन काढून जवळ ठेवता येतो.