प्लेट काढण्याआधी दहा मिनिटं

चादरीच्या लेबलवर निळ्या पट्टीत पिवळी अक्षरं असली, की कागद केसभर सरकला तरी कडेला पांढरी रेघ उमटते. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत सोलापुरातले प्रेस कामाने तुंबलेले, तेव्हा छपाईची प्लेट (प्रत्येक रंगाचा वेगळा पत्रा) परत काढायची म्हणजे वेळही गेला आणि पैसाही.

१. पीडीएफ अ‍ॅक्रोबॅटमध्ये उघडा, ‘आउटपुट प्रिव्ह्यू’त जा. एकेक रंग बंद करून बघा. काळा बंद केल्यावर बारीक मजकुराच्या जागी पांढरी भोकं दिसली, तर त्या मजकुराला ओव्हरप्रिंट लावा, म्हणजे खालचा रंग न कापता काळा त्यावरच छापला जातो.

२. शेजारच्या दोन रंगांत एकही शाई सामाईक नसेल तिथेच ट्रॅपिंग, म्हणजे एका रंगाची कड दुसऱ्यावर किंचित चढवणं, हवं. लाल पट्टीवर पिवळं असेल तर सोडून द्या, लालमध्ये पिवळी शाई असतेच. निळ्यावरच्या पिवळ्या अक्षराला मात्र ०.५ पॉइंटचा पिवळा स्ट्रोक (कडेची रेघ) द्या आणि तो ओव्हरप्रिंट करा. निम्मा बाहेर सरकतो, तेवढं पुरतं. फिकट रंग गडदावर चढवायचा, उलट केलं तर अक्षर बारीक होतं.

३. प्लेट आली की भिंगाखाली ठिपके बघा. सायन (आकाशी) १५, मॅजेन्टा (गुलाबी) ७५, काळा ४५, पिवळा ० अंश हे ठिपक्यांच्या ओळींचे नेहमीचे कोन. पिवळा सोडून कोणत्याही दोघांत किमान ३० अंशांचं अंतर नसेल, तर फोटोत जाळी दिसणार. ठिपक्यांच्या ओळी आर्ट पेपरला इंचाला १५०, न्यूजप्रिंटला ८५ ते १००.

फक्त एक जपा: पांढऱ्या अक्षरांना चुकूनही ओव्हरप्रिंट नको. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर दिसतात, कागदावर गायब.