दोन्ही औषधं, एकच वही

गोव्यात साखळीजवळच्या एका गावात मी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आणि आमच्या महिला भजनी मंडळात पेटी वाजवते. सहा वर्षांपूर्वी श्रावणात, तालमीच्या वेळी, डाव्या हाताला भाता ओढवेना. सकाळी दाराची कडी निघेना, विळीवर नारळ खवता येईना. आंघोळीच्या गरम पाण्यात तासभर हात ठेवले की मग कुठे मूठ अर्धी वळायची. रक्त तपासलं तेव्हा अँटी-सीसीपी, म्हणजे या आजाराची रक्तातली खूण, भरपूर वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आईचे वैद्य म्हणाले, आमवात.

तेव्हापासून मी दोन्हीकडे उपचार घेते. आधी चुकले, मग शिकले. ज्यांना नुकतंच निदान झालं आहे आणि ज्यांच्या घरी रोज कुणी ना कुणी नवं वखद सुचवतं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते.

सुरुवात आजार समजून घेण्यापासून करा. या दुखण्यात शरीराची स्वतःची संरक्षक फौज सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. सूज म्हणजे ती लढाई. पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच हाड झिजायला लागू शकतं, आणि झिजलेलं हाड कुठल्याही काढ्याने किंवा गोळीने परत येत नाही. म्हणून "आधी सहा महिने आयुर्वेद करून बघू, नाहीच जमलं तर डॉक्टर आहेतच" हा हिशेब इथे चालत नाही. पाया डॉक्टरांच्या औषधाचा हवा, त्याच्या जोडीला बाकीचं. हे माझं ठाम मत आहे.

माझं मुख्य औषध मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर रक्तपेशी घसरतात, तोंड सोलून निघतं, जिवावर बेतू शकतं. कागदावर डॉक्टरांकडून वार अक्षरात लिहून घ्या. माझा रविवार. कालनिर्णयवर प्रत्येक रविवारी लाल गोल करून ठेवते आणि गोळी घेतली की त्यावर फुली मारते. फॉलिक अॅसिड दुसऱ्या दिवशी. माझ्या दोन्ही गोळ्या लहान आणि पिवळट, म्हणून एक डबा स्वयंपाकघरात, दुसरा देवघराच्या खणात. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. या काळात माणसं कंटाळतात, आणि नेमके तेव्हाच कुणीतरी पुडी घेऊन दारात येतं.

आता माझी चूक. कोरोनाच्या पहिल्या वर्षी आमच्या वाड्यावर घरोघरी गुळवेलीचा काढा उकळायचा. कुंपणावरच्या आंब्यावर वेल चढलेली, फुकटची, देवाने दिलेली. प्रतिकारशक्ती वाढते असं सगळे सांगायचे, मीही रोज सकाळी अर्धा पेला घेऊ लागले. तीन महिन्यांनी यकृताची तपासणी झाली तर एसजीपीटी, म्हणजे यकृत दुखावलं की रक्तात वाढतं ते द्रव्य, १८० वर, फारच जास्त. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही घेता का?" मी नाही म्हटलं. घरच्या काढ्याला औषध म्हणायचं हे मनातच आलं नाही, आणि थोडी भीतीही होती की ते रागावतील. त्यांनी मेथोट्रेक्सेट थांबवलं. पाचव्या आठवड्यात दोन्ही मनगटं सुजली, शाळेत फळ्यावर हात वर जाईना. खरं सांगितलं ते तेव्हा, रडत. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता दोष कुणाचा हे मला कधीच कळणार नाही." गोळीमुळे यकृत बिघडलं की काढ्यामुळे, आजही ठाऊक नाही. डोस पुन्हा अगदी लहानापासून चढवावा लागला आणि त्यात माझे आठ महिने गेले.

पुढे वाचनात आलं की २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं होतं, आणि त्या इजेचं रूप स्वयंप्रतिकार आजारासारखं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. वेल ओळखण्यात गल्लत झाली असेल, तिच्यासारखीच दुसरी जात असते, असं म्हटलं. वाद कसाही सुटो, आपल्यासारख्यांनी यातून एक गोष्ट घ्यायची. "प्रतिकारशक्ती वाढवा" हे वाक्य आपल्यासाठी नाही. आपली फौज आधीच आपल्यावर उलटली आहे. तिला खुराक कशाला? गुळवेल आणि अश्वगंधा मी विचारल्याशिवाय तोंडात घालत नाही. अश्वगंधेनेही काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे, आणि तिने थायरॉइडचं प्रमाणही वाढू शकतं.

त्या आठ महिन्यांनंतर मी वही केली. दोनशे पानी, शाळेतल्या मुलांची असते तशीच. डाव्या पानावर मी जे जे घेते ते सगळं: गोळी, काढा, चूर्ण, तेल, चहात घातलेली सुंठ, खोकल्यासाठी चघळलेलं ज्येष्ठमधसुद्धा. (ज्येष्ठमध निरुपद्रवी वाटतं, पण जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी चालू असेल तर त्रास आणखी.) उजव्या पानावर रोजच्या तीन नोंदी. सकाळी आखडलेपणा किती मिनिटं राहिला, मूठ पूर्ण वळली का, वेदनाशामक गोळी घ्यावी लागली का. तपासणीचे आकडे मागच्या पानांवर. डॉक्टरांकडे हीच वही जाते, वैद्यबाईंकडेही हीच. एकाला दाखवायची आणि दुसऱ्यापासून लपवायची अशी वेगळी वही नाही.

दुसरा नियम, एका वेळी एकच बदल. नवं काही सुरू केलं की निदान सहा आठवडे दुसरं काही हलवायचं नाही, आणि सुरू करण्याच्या आधी एकदा, नंतर एकदा रक्त तपासायचं. मेथोट्रेक्सेटसाठी रक्तपेशी, यकृत आणि मूत्रपिंड यांची तपासणी तशीही नियमाने होतेच. नव्या औषधाची सुरुवात त्या तारखेला जोडून घ्यायची, म्हणजे वेगळी सुई नको.

वैद्य कसा निवडावा? माझ्या वैद्यबाईंनी पहिल्याच भेटीत रिपोर्ट मागितले, गोळीचा वार विचारला आणि "ती बंद करायची नाही" असं स्वतःहून सांगितलं. पदवी आणि नोंदणी बघा. गोव्यात आता सोय चांगली आहे: शिरोड्याला आयुर्वेद महाविद्यालय आहे, आणि धारगळला ११ डिसेंबर २०२२ रोजी अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेच्या इस्पितळाचं उद्घाटन झालं. मोठ्या इस्पितळात निदान केसपेपर होतो, औषधाचं नाव कागदावर येतं.

"इंग्रजी गोळ्या आधी फेकून द्या" असं म्हणणाऱ्याकडून उठून या. बिननावाची पुडी घेऊ नका. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला तर आनंद मानू नका, संशय घ्या, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. माझ्या नणंदेला अशाच पुडीने चेहरा सुजवून दिला होता. भस्म आणि रसौषधी, म्हणजे धातू-पारा वापरून केलेली औषधं, यांच्याबद्दलही स्पष्ट विचारा. २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवर विकली जाणारी १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर सुमारे पाचव्या भागात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. मी वैद्यबाईंना सांगून टाकलं आहे, माझ्या औषधात धातू नको. त्यांनी ते मानलं.

मग आयुर्वेदातून मला मिळालं काय? सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वाळूच्या पोटलीचा. मला वाटायचं सांधे दुखतात म्हणजे तेल चोळायचं. वैद्यबाईंनी थांबवलं. आमवातात सूज असताना आधी कोरडा शेक, तेल नंतर, असं त्यांचं शास्त्र. घराच्या बांधकामातून उरलेली नदीची वाळू चाळून, तीनदा धुवून कडक उन्हात वाळवली. ती लोखंडी काहिलीत भाजायची, जाड सुती फडक्यात दोन मुठी बांधायची. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघायची. चटका बसला तर थांबायचं. मग बोटांवर, मनगटावर, गुडघ्यावर थोपटत दहा-पंधरा मिनिटं. सांधा लालभडक आणि हाताला गरम लागत असेल तर त्या दिवशी शेक नाही. बधिरपणा असणाऱ्यांनी तर करूच नये, भाजलेलं कळत नाही. वहीत बघते तर शेक सुरू करण्याआधी सकाळचा आखडलेपणा पन्नास मिनिटांच्या आसपास होता, सहा आठवड्यांनी तीस. सूज आणि सीआरपी (रक्तातलं सुजेचं माप) त्याने उतरलं नाही, ते काम गोळीचं. पण सकाळची ती वीस मिनिटं मला शाळेच्या बसला पोचवतात.

पंचकर्माचं मात्र जपून. विरेचनात पोट रिकामं होतं, अंगातलं पाणी कमी होतं, आणि पाणी कमी झालं की मेथोट्रेक्सेट मूत्रपिंडातून नीट बाहेर पडत नाही. मी विरेचन घेतलं ते डॉक्टरांना महिनाभर आधी सांगून, त्यांनी त्या आठवड्याची गोळी पुढे ढकलली तेव्हाच. स्वतःच्या मनाने हे करू नका.

पथ्याबद्दल वैद्यबाई आणि मी अजून भांडतो. रात्रीचं दही आणि मैदा सोडला. मासे सोडले नाहीत. बांगडा आणि तारली यांत ओमेगा-३ भरपूर, ते सुजेला थोडं उपकारक ठरतं, हे डॉक्टरांनाही मान्य. तळून नाही, तिरफळ घालून हुमण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा सुक्या बांगड्यावर जोर देत नाही, कारण मीठ. आमसुलाची कढी, सकाळची पेज, जेवणातली हळद बिनधास्त चालू. हळदीच्या मिरीयुक्त कॅप्सूल मात्र नाहीत. त्यांनी यकृत बिघडल्याची उदाहरणं आहेत. आणि काजूच्या हंगामात घरी उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची दारू, येतो, त्याचा घोटही नाही. मेथोट्रेक्सेट आणि दारू दोन्ही एकाच यकृतावर पडतात.

डॉक्टर आणि वैद्यबाई, दोघांना एकत्र कसं आणायचं? कुणी समोरासमोर बसत नाही, हे खरं. मी दर तीन महिन्यांनी वहीतलं एक पान उतरवून दोन प्रती काढते आणि खाली एकच प्रश्न लिहिते. "याच्याबरोबर हे चालेल का?" उत्तर लिहून मागते. दोन्ही पद्धती एकत्र तपासण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनीही केला आहे. कोइंबतूरला ४३ रुग्णांचे तीन गट केले होते: एक आयुर्वेदाचा, एक मेथोट्रेक्सेटचा, एक दोन्हींचा. २०११ साली आलेल्या निष्कर्षात तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले. ऐकायला छान वाटतं, पण माणसं फार थोडी होती, आणि त्यावर विसंबून कुणी गोळी सोडू नये.

पावसाळ्यासाठी शेवटचं. ताप आला की काढ्याने बघू म्हणून बसू नका. आपल्याकडे शेतात उतरणाऱ्यांना लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) होतो, डेंग्यू तर गावोगाव, आणि आपली फौज औषधाने दाबलेली असते. ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला आणि धाप यांतलं काहीही आलं तर त्या रविवारची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. फार्मसीत अँटिबायोटिक मागताना मेथोट्रेक्सेटचं नाव सांगा. ट्रायमेथोप्रिम असलेली गोळी त्याच्याबरोबर घातक ठरते. प्रेडनिसोलोन चालू असेल तर ते एकदम तोडायचं नाही, कितीही बरं वाटलं तरी.

माझी वही पोह्यांच्या डब्याशेजारी असते. पहिल्या पानावर औषधांची नावं, गोळीचा वार आणि डॉक्टर व वैद्यबाई दोघांचे नंबर मोठ्या अक्षरात. मुलीला ते पान पाठ आहे, आणि मंडळातल्या माझ्या शेजारी टाळ वाजवणाऱ्या बाईलाही.